घर दाखवायच्या आधी दारापुढचं बघा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की घर विकायच्या आधी आतल्या फरश्या काढून टाइल्स बसवू, ओटा बदलू, मग चांगली किंमत येईल. मला ते पटलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. ओटा ज्याला जसा पाहिजे तसा तो करून घेईल, तुम्ही त्यात पैसे घालू नका. घर घ्यायला आलेली पार्टी गाडीतनं उतरायच्या आधीच अर्धं ठरवते. आम्ही पुण्यात घरं बघत हिंडलो तेव्हा आमचंच तसं व्हायचं, गेट गंजलेलं आणि भिंतीवर काळे ओघळ दिसले की आत गेल्यावर आम्ही ओल कुठं आहे, नळ गळतोय का हेच शोधत बसायचो, आणि बाहेर स्वच्छ असलं की तेवढीच ओल चालवून घ्यायचो, आणि भाव पाडायला सुरुवात पण त्या गेटपासनंच व्हायची.

आपलं वडगावचं घर मजबूत आहे, तुम्ही स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. पण बेळगावच्या पावसानं चिऱ्याच्या कंपाउंडवर शेवाळ चढतं, ते आता वाळून काळं झालं असणार, आणि सागवानी दार आंब्याच्या फांदीमागं रस्त्यावरनं दिसतच नाही. नुसत्या शेवाळामुळं तुमच्या घराला कुणी जुनाट म्हणावं हे मला सहन व्हायचं नाही.

दसरा झाला, पाऊस उघडलाय, तर दिवाळीच्या आत घराच्या पुढच्या बाजूला रंग देऊन घ्या. शेवाळावरच रंग मारू देऊ नका, पापुद्रे सुटतात. तारेच्या ब्रशनं घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवून भिंत चांगली वाळू दे, मग प्रायमर आणि वर दोन हात. रंग फिकटच घ्या, पोपटी नको. गेटचा गंज पॉलिश पेपरनं काढून आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट, आणि बिजागऱ्यांना ग्रीस. गच्चीच्या कोपऱ्यातली ओल मात्र रंगाखाली झाकू नका, आधी ती दुरुस्त करा नाहीतर पार्टीला सरळ सांगा, पुढच्या जूनमध्ये ती वर येतेच आणि नाव आपलं खराब होतं.

आई, दारातले बॅरल, जुनी सायकल, उरलेल्या विटा परड्यात हलवायला माणूस लाव, तू उचलू नकोस. तुळशीकट्टा आहे तसाच राहू दे, फक्त धुवून घे, तुझी रोजची रांगोळी पण असू दे, घरात माणसं राहतात हे त्यातनंच कळतं. लोक ऑफिस सुटल्यावर बघायला येतात म्हणून गेटजवळचा बल्ब बदला. एजंटला फोटो सकाळच्या उन्हात काढायला सांगा, घर पूर्वेला तोंड करून आहे, आणि सगळं काम झाल्याशिवाय एकही फोटो पाठवू देऊ नका, कारण आता लोक आधी मोबाइलवर बघूनच यायचं की नाही ते ठरवतात.

पेंटरचे पैसे मी पाठवते. कॉर्पोरेशनचा ई-खाता, म्हणजे त्यांच्या नोंदीतला घराचा ऑनलाइन उतारा, आणि टॅक्सच्या पावत्या एका फाइलीत लावून ठेवा बाबा, पसंत पडलं की पार्टी लगेच तेच मागते.

तुमची,
ताई