आईच्या मनगटासाठी एक सुरी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

घरून परत आल्यापासून एक चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. आई, तू टोमॅटो चिरत होतीस. सुरी सालीवरून नुसती सरकत होती. शेवटी तू टोक खुपसून भोक पाडलंस आणि करवतीसारखी पुढेमागे ओढत कशाबशा फोडी केल्यास. निम्मा रस बोर्डवरच राहिला. मग पदराला हात पुसून बराच वेळ मनगट चोळत बसलीस. "सांधे धरलेत गं," म्हणालीस. धरलेत हे खरंच, पण रोज त्या सुरीशी झटून ते आणखी दुखावताहेत, असं माझं मन सांगतं.

बाबा, चांगल्या सुऱ्या तुम्ही वरच्या फळीवर ठेवून दिल्यात, आईला लागू नये म्हणून. तुमची काळजी मला कळते. पण लागण्याची भीती बोथट सुरीचीच जास्त. धार नसली की जोर लावावा लागतो, जोर लावला की पातं सटकतं आणि सटकलेलं पातं त्या सगळ्या जोरानिशी बोटावर येतं. धारेची सुरी जिथे टेकवाल तिथेच आत जाते. कांद्याचंही तेच. बोथट पात्याखाली तो चिरण्याऐवजी चेंगरतो आणि डोळे जास्त झोंबतात.

म्हणून मी तुमच्यासाठी सुऱ्या निवडल्यात. चौदा-पंधरा सुऱ्यांचा ठोकळा दिसायला छान असतो, पण हात त्यातल्या दोन-तीन सुऱ्यांकडेच जातो. माझी स्वतःची आवडती सुरी 20 सेंटिमीटर पात्याची आहे. आईला ती जड जाईल, म्हणून तिच्यासाठी 16 सेंटिमीटरची, हलकी, जाड मुठीची घेतलीय. मूठ बारीक असली की बोटं जास्त आवळावी लागतात आणि सुजलेल्या सांध्यांना तेच सोसत नाही. सोलण्यासाठी 9 सेंटिमीटरची एक छोटी, आणि पावासाठी दातेरी एक. बस्स.

पोलाद मी मुद्दाम फार कडक घेतलं नाही. पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापात सांगतात. माझ्या सुरीचा 62 आहे. अशी धार खूप दिवस टिकते, पण पातं ठिसूळ असतं. गोठलेला मटाराचा गोळा तिने फोडायला गेले आणि धारेला नखाएवढी कपची उडाली. ती घासून भरून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. तुमच्या सुऱ्या 56 ते 58च्या आहेत. धार थोडी लवकर उतरेल, पण लावायलाही सोपी. शिवाय स्टेनलेस, म्हणजे चिरता चिरता पुसत बसायला नको.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. शिलाई मशीनला थेंब थेंब तेल घालताना तुमचा हात बघत मी लहानाची मोठी झाले. सुरीला धार लावायलाही तसाच हात लागतो. येताना धार लावायचा पाण्याचा दगड आणते, 1000 ग्रिटचा, म्हणजे मध्यम खरखरीत. तो पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा, मग ओल्या फडक्यावर मांडायचा म्हणजे हलत नाही. खरी मेख आहे ती कोनाची. सुरी दगडावर सरळ उभी धरली की 90 अंश. तिथून अर्ध्यावर कलवली की 45, पुन्हा अर्ध्यावर आणली की साडेबावीस. त्याहून जराशी खाली, की झालं, साधारण 20 अंश. हा कोन शेवटपर्यंत बदलू द्यायचा नाही. धारेच्या कडेला आधी मार्कर फिरवून ठेवा. दोन-चारदा घासून बघा, शाई कुठे गेली आणि कुठे उरली त्यावरून कोन चुकतोय का ते लगेच दिसतं. शाई नुसती वरच्या बाजूला पुसली गेली, तर सुरी फार आडवी धरलीय.

एकाच बाजूने घासत राहा. दगडावर राखाडी चिखल जमेल, तो धुऊ नका, तोही काम करत असतो. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर हलकेच ओढा, कधीही धारेच्या लांबीने नाही. नखाला अडेल अशी बारीक खरखर लागली, की ती बर. धातूची किनार उलटून आलीय, म्हणजे त्या बाजूने धारेपर्यंत पोहोचलात. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे बर लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते. त्यांचे हात घाईने बाजू बदलतात. दुसऱ्या बाजूनेही बर आली, की जोर कमी करत एकेक हात आलटून पालटून, शेवटी नुसत्या सुरीच्या वजनाने, म्हणजे बर निघून जाते. मग कागद उभा धरून कापून बघा.

दोन फटींतून सुरी ओढायचं यंत्र मात्र घेऊ नका. ते पातं नाहक खातं. पोलादी सळई वेगळी. तिच्यावर दुमडलेली धार सरळ होते, बोथट झालेली नवी होत नाही.

आई, तुझ्यासाठी दोनच गोष्टी. काचेच्या बोर्डवर चिरू नकोस, लाकडाचाच वापर. आणि चिरलेलं धारेने ओढून भांड्यात टाकू नकोस, सुरी उलटी करून पाठीने ढकल. सुरी हातातून निसटली तर पकडायला जाऊ नकोस गं, मागे सर आणि पडू दे.

पुढच्या महिन्यात येतेय. तोवर ती जुनी सुरी टाकू नका. पातं झिजलंय, पण पोलाद चांगलं आहे. बाबा, दगडावर पहिला हात आपण दोघं तिच्यावरच बसवू, आणि मग आई, टोमॅटो तूच चिरून बघ.

तुमची लेक