सत्र मिटण्याआधी नोंद हवी

संपादक महोदय,

मुंबईतल्या कचेऱ्यांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत एआयच्या मदतीने कोड लिहिणे रोजचे झाले आहे, पण कालचे काम आज पुढे नेताना घोळ होतो. नव्या सत्राला, म्हणजे एआयशी नव्याने उघडलेल्या संवादाला, आधीचे संभाषण सहसा आठवत नाही. लांबलेल्या सत्रातही कॉन्टेक्स्टची (एआय एका वेळी ध्यानात ठेवू शकते त्या मजकुराची) मर्यादा भरत आली की अनेक साधने जुन्या मजकुराचा सारांश करतात. त्यात कोणता उपाय करून पाहिला आणि तो का फसला, नेमके हेच गळते. मग तीच फसलेली वाट पुन्हा धरली जाते.

म्हणून प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवावी. मर्यादा संपायची वाट न पाहता तीत झालेले काम, अर्धवट फाइलींची नावे, नापास टेस्टचा (कोड तपासणाऱ्या चाचणीचा) एरर जसाच्या तसा, सोडलेले उपाय कारणासह आणि पुढची एकच पायरी लिहून घ्यावी. चाळीस-पन्नास ओळी पुरतात. फाइल फुगली तर तीच कॉन्टेक्स्ट खाते. मग गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत, कमिट (बदलांची नोंद) आणि पुश (ती दूरच्या सर्व्हरवर पाठवणे). नुसता स्टॅश (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल) त्याच संगणकावर राहतो, शिवाय ट्रॅक न केलेल्या नव्या फाइली तो एरवी घेतच नाही, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) मात्र नोंदीत कदापि नको; कमिटच्या इतिहासातून अशी गुपिते सहज पुसता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आधी ही फाइल एआयला वाचायला द्यावी आणि टेस्ट चालवून नोंद पडताळावी. अर्धवट कामालाही एआय मॉडेल कधीकधी 'पूर्ण' म्हणून मोकळे होते.

आपले,
दोन सॉफ्टवेअर अभियंते, गोरेगाव, मुंबई