कोणाची तार आली रे?

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल. मी ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलं हे तुम्ही स्वतः कोणाला सांगणार नाही, आणि आपल्या दर्यापूर भागातल्या लोकांना ते कळायला हवं असं मला फार वाटतं.

२०१९ चा पावसाळा होता. आमच्या सपरीत गिटार घेऊन बसलेला मी दोन महिने एकाच जागी अडलो होतो. रश हा कॅनडातल्या तिघांचा बँड, त्यांचा १९८१ चा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ हा अल्बम, आणि त्यातली ‘वाय वाय झेड’ ही गाण्याशिवायची, नुसत्या वाद्यांची रचना. साडेचार मिनिटांच्या आतबाहेर संपते. पण तिची सुरुवात माझ्या हातात बसेना. शहरातल्या एका क्लासमध्ये विचारलं, तर हे आपलं काम नाही, चारच्या ठेक्यातली सिनेमाची गाणी वाजव, असं सांगून परत पाठवलं. घरी बाबा तुरीच्या काळजीत होते, त्यांना तरी काय सांगणार?

त्या संध्याकाळी तुम्ही भजनाला चालला होता. कुंपणापाशी थांबलात आणि म्हणालात, “काहून रे, कोणाची तार आली?”

मला आधी कळलंच नाही. तुम्ही आत आलात, पुन्हा वाजवायला लावलंत आणि खाटेच्या माच्यावर बोटानं ठोकत गेलात. लांब, आखूड, लांब, लांब. तारेच्या मोर्स लिपीतला हा वाय. पुन्हा तेच, पुन्हा वाय. मग लांब, लांब, आखूड, आखूड. हा झेड. तारखात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानानं ते पाच सेकंदांत ओळखलं. टोरंटो या त्यांच्या शहराच्या विमानतळाची हीच सांकेतिक अक्षरं आहेत, विमानांना ती रेडिओवर मोर्समध्ये ऐकू येतात आणि त्यावरूनच या लोकांनी ही रचना बांधली, असं मी सांगितलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, “म्हणजे घरी पोचल्याची तार होय ही.” आपल्याकडे तार आली म्हटलं की बाया आधी रडायला लागायच्या, हे तुम्हीच सांगितलं होतं. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हता, हे काकूंनी सांगितलं. म्हणून त्या एका वाक्याचं मोल मला कळतं.

आणि तुम्ही चूकही काढलीत. खऱ्या मोर्समध्ये लांब खूण आखूड खुणेच्या तिप्पट असते, यांनी दुप्पटच धरली. मग आखूड एक, लांब दोन धरून तुम्ही हिशेब मांडलात: वायचे सात, पुन्हा सात, झेडचे सहा, मिळून वीस. “वीस म्हणजे दहाची दुगुन. हा तं धा मात्रांचा झपताल होय, पोट्ट्या.”

घरून तबला आणून तुम्ही ठेका धरलात. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. मी कुठे पडत होतो ते तेव्हा दिसलं. पहिला वाय साडेतीन मात्रांवर संपतो, म्हणजे दुसरा वाय अर्ध्या मात्रेवरून उचलावा लागतो. चारच्या हिशेबात ती जागा मला कधीच सापडली नसती. दुसरा वाय मात्र बरोबर सातव्या मात्रेला संपतो. आठवीची टाळी पडली की झेड, शेवटच्या ‘धी धी ना’मध्ये अख्खा मावतो. तुम्ही म्हणालात, टाळीवर लक्ष ठेव, बाकीचं हात करतील. नवव्या की दहाव्या आवर्तनाला हातांनी केलं, काका. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मूळ रचनेत ती तार सुरुवातीला गिटारवर नाहीच, क्रोटेल्स नावाच्या धातूच्या लहान, जाड चकत्यांवर वाजते. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, हे तर आपले टाळ. मग पुढचे कितीतरी गुरुवार प्रार्थनेनंतर खंजिऱ्या पिशवीत गेल्या की तुम्ही तो अल्बम माझ्यासोबत ऐकलात. ‘टॉम सॉयर’च्या मध्यावर सातची गिनती येते तिथे मांडीवर सात मात्रांचा रूपक ताल धरलात. तिघंच आहेत का, हे तुम्ही दोनदा विचारलंत. हो, तिघंच. ॲलेक्स लाइफसनची गिटार, नील पर्टचे ड्रम, आणि गेडी ली तर बास वाजवता वाजवता गातो, शिवाय कीबोर्डही सांभाळतो. क्वेबेकमधल्या मॉरिन हाइट्स या लहानशा गावाजवळ, तळ्याकाठच्या स्टुडिओत त्यांनी हे ध्वनिमुद्रित केलं, हे ऐकून तुम्ही बाबांकडे वळून म्हणालात, “पाहा, खेड्यातच केलं त्यांनी.” त्यानंतर बाबांनी गिटारबद्दल एक शब्द काढला नाही. हे तुम्ही मुद्दाम केलं होतं हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

जानेवारी २०२० मध्ये नील पर्ट गेल्याची बातमी मीच आणली. सदुसष्ट वर्षांचा होता म्हटल्यावर तुम्ही एवढंच बोललात, “माह्याहून लहान होता रे.” मग तबल्याच्या काठावर बोटानं तीन अक्षरं ठोकलीत आणि गवसणी घातलीत.

तुम्ही पुण्याला जाताना तबला माझ्याकडे ठेवून गेलात. मी तो जपलाय. दमट हवेत काढत नाही, डग्ग्याची वादी ढिली पडली होती ती कसून आणली. आमच्या शेजारची दोन पोरं आता सपरीत येतात, त्यांना मी आधी झपताल म्हणायला लावतो, गिटार नंतर.

पोळ्याला या. अर्ध्या मात्रेवर मी आता अडखळत नाही. तुम्ही नुसता ठेका धरा.

तुमचा,
सपरीतला पोट्टा