काय खायचं ते रोज छापता, कसं खायचं ते कधी छापणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत दर थोड्या दिवसांनी एक डाएट चार्ट येतो. उठल्यावर हे, दोन तासांनी ते, रात्री अमुक वाजल्यानंतर तोंडाला कुलूप, आणि वर ठळक अक्षरात इतक्या दिवसांत इतके किलो. जुनी वाचक आहे म्हणून हक्काने लिहिते, या चार्टांचा आता वीट आलाय. वीट येणं हा माझा प्रश्न झाला, तो सोडा, पण त्यात काय खायचं आणि किती खायचं एवढंच असतं, कसं खायचं यावर एक ओळ सापडत नाही. ज्याला वजन कमी करायचंय आणि ते कमी ठेवायचंय त्याला खरं तर तिथेच मदत हवी असते.

कडक डाएटने माणसाचं काय होतं हे काही काल-परवा कळलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला होता. ही मुलं स्वतःहून आलेली, युद्धात लढायला त्यांचा तत्त्वाने विरोध होता म्हणून त्याऐवजी ही सेवा पत्करलेली. सहा महिने त्यांना रोज साधारण १,५७० कॅलरी दिल्या. आज कितीतरी चार्ट १,२०० वर चालतात, म्हणजे ज्याला तिथे अर्धी उपासमार म्हटलं होतं त्याच्याही खाली! अर्थात ती तरुण पोरं होती, आठवड्याला २२ मैल चालायची, त्यामुळे सरळसरळ तुलना करणं बरोबर नाही, पण पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. वजन उतरलं, जवळजवळ एक चतुर्थांश. आणि त्याबरोबर डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही राहिलंच नाही. ज्यांना स्वयंपाकघरात कधी रस नव्हता ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, जेवणाची स्वप्नं पडायला लागली, ताटं चाटायला लागली, चिडचिड, उदासपणा, कशातच मन नाही. प्रयोग संपल्यावर खाणं खुलं केलं तर काहींना पोट टच्च भरूनही भूक थांबेना, आणि हे कितीतरी आठवडे चाललं.

याला कुणी इच्छाशक्ती कमी पडली म्हणणार असेल तर म्हणो बापडा. शरीराला काय माहीत की तुम्ही हौसेने उपाशी राहताय? त्याच्या दृष्टीने तो दुष्काळच. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन नावाचं हार्मोन येतं, साठा पुरेसा आहे असा निरोप मेंदूला देणारं, ते १९९४ मध्ये सापडलं, आणि जठरातून येणारं घ्रेलिन, भूक लावणारं, ते १९९९ मध्ये. वजन झपाट्याने उतरवलं की पहिलं खाली जातं, दुसरं वर चढतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला, लोकांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं होतं आणि एक वर्षानंतर तपासलं तरी ही हार्मोन्स पूर्वपदावर आलेली नव्हती आणि भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती. वजन उतरवण्याच्या एका गाजलेल्या अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं तर बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं आणि वर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे ये रे माझ्या मागल्या, आणि तेही व्याजासकट.

मनाचं गणित तर याहून वाकडं. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला, लोकांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं, चव बघून सांगा म्हणून. जे एरवी डाएटच्या भानगडीत नव्हते त्यांनी शेक पिऊन झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच आहे, पोट भरलेलं. आणि जे एरवी खाण्यावर कडक पहारा ठेवायचे त्यांनी शेक पिऊन झाल्यावर उलट जास्त खाल्लं. मोडलाच ना नियम, मग आता होऊ दे. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी हे आपण उगाच म्हणत नाही. चार्ट जितका कडक तितका तो मोडण्याचा दिवस जवळ, आणि त्या दिवशी जे पोटात जातं त्याचा रकाना कुठल्याच चार्टमध्ये नसतो.

आता मला मुख्य जे सांगायचंय ते. कडक डाएट करणारा माणूस दिवसभर खाण्याचाच विचार करत असतो, फक्त प्रत्यक्ष जेवताना करत नाही. जेवताना समोर मोबाईल असतो नाहीतर टीव्ही, हात आपोआप ताटाकडून तोंडाकडे, आणि ॲपमध्ये कॅलरी भरून झाल्या की काम झालं. जो डाएट करत नाही त्याचंही तेच, फक्त त्याच्याकडे ॲप नाही. जेवलो हे पोटाला कळतं, पण आपल्याला कळत नाही आणि इथेच सगळी मेख आहे, कारण भूक फक्त पोटात नसते, ती आठवणीतही असते.

हे मी मनचं सांगत नाहीये. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दोन रुग्णांबद्दल लिहिलं होतं, दोघांच्याही मेंदूला अशी इजा झालेली की नवीन आठवण टिकायचीच नाही. त्यांचं जेवण झालं, ताट उचललं, थोड्याच वेळात पुन्हा जेवण पुढे ठेवलं तर ते पुन्हा जेवले, आणि तिसऱ्यांदा ठेवलं तर तिसऱ्यांदाही सुरुवात केली. पोट भरलेलं होतं पण जेवल्याचं लक्षात नव्हतं. आपली स्मरणशक्ती शाबूत आहे, आपण फक्त जेवण तिच्यात जाऊ देत नाही. २०११ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात काही लोकांना दुपारचं जेवण कॉम्प्युटरवर पत्त्यांचा गेम खेळता खेळता दिलं आणि काहींना नुसतं शांत बसून जेवायला दिलं. गेमवाल्यांना जेवणात काय काय होतं ते नीट आठवेना, पोट भरल्यासारखं कमी वाटलं, आणि अर्ध्या तासाने बिस्किटं पुढे आली तेव्हा त्यांनी दुसऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट खाल्ली. २०१३ मध्ये असे २४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही तेच दिसलं, लक्ष दुसरीकडे असलं की त्या जेवणात जास्त जातं, आणि त्याहून जास्त परिणाम पुढच्या खाण्यावर होतो. संध्याकाळी अचानक काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं ना, त्यातलं थोडं तरी कर्ज दुपारच्या त्या स्क्रोलिंगचं असतं.

दुसरी गोष्ट वेगाची. जठर ताणलं गेल्याचा निरोप, आतड्यांतून सुटणारी सीसीके, जीएलपी-१ वगैरे हार्मोन्स, या सगळ्यांना मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं म्हणा, माणसागणिक कमीजास्त. (हल्ली वजनाच्या ज्या इंजेक्शनांची एवढी चर्चा चालते ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात, म्हणजे शरीरात हा निरोप्या आधीपासूनच आहे, आपण त्याला दारात यायच्या आत जेवण उरकून मोकळे होतो.) २०१९ मध्ये केविन हॉल या अमेरिकन संशोधकाच्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे पाकीटबंद, कारखान्यात तयार झालेले पदार्थ आणि दोन आठवडे साधं, ताजं अन्न दिलं, दोन्हींत कॅलरी, साखर, मीठ, चरबी समोर सारखीच ठेवलेली, हवं तेवढं खा. पाकीटवाल्या आठवड्यांत लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. कारणं बरीच असतील पण एक गोष्ट तिथे मोजली गेली होती, ते अन्न लोकांनी जास्त वेगाने खाल्लं. मऊ, चावायला फारसं लागत नाही, गेलं खाली.

मग करायचं काय? ज्याला हल्ली माइंडफुल ईटिंग म्हणतात, म्हणजे लक्ष देऊन खाणं, त्यात खरं तर शिकण्यासारखं फार कमी आहे आणि सवय लावण्यासारखं खूप. खायच्या आधी क्षणभर थांबून बघायचं की भूक आहे की कंटाळा आहे, पोटातली भूक हळूहळू येते आणि समोर असेल ते चालतं, मनातली एकदम येते आणि तिला नेमकं तेच हवं असतं. बसून खायचं, फ्रिजच्या दारात उभं राहून नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत, उलटा करून टेबलावर नाही, उलटा मोबाईल हा फक्त स्वतःला फसवायचा प्रकार आहे. पहिले चार-पाच घास तरी चव, वास घेत खायचे, मधे चमचा खाली ठेवायचा, अर्धं झालं की थांबून स्वतःला विचारायचं अजून भूक आहे का, आणि उत्तर ‘नाही’ असं आलं तर ताटात उरलेलं झाकून ठेवायला लाजायचं नाही. आवडीचा पदार्थ बंद करायचा नाही, उलट तो खाताना तर सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं, कारण गोड पदार्थाच्या पहिल्या दोन घासांत जी मजा असते ती दहाव्यात नसते, हे लक्ष देऊन खाणाऱ्यालाच कळतं. रोज सगळ्या जेवणांना हे जमणार नाही. ज्याला कामावर पंधरा मिनिटांची सुट्टी मिळते त्याला सावकाश जेवा म्हणून उपदेश करणं मला तरी शोभत नाही, पण दिवसातलं एक खाणं असं करता येतं, आणि एकापासून सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही.

यातही अतिरेक करणारे आहेतच. शंभर वर्षांपूर्वी होरेस फ्लेचर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होऊन गेले, घास तोंडात अगदी पाणी होईपर्यंत चावायचा असा त्यांचा प्रचार, आणि त्यांच्या नादाला भलेभले लागले होते. जेवणाऐवजी चावण्याची मोजदाद सुरू झाली की ते पुन्हा डाएटच झालं. तसंच लहान ताट घ्या, आपोआप कमी खाल, हा सल्ला तुम्हीही छापलेला आहे. तो ज्यांच्या संशोधनामुळे जगभर पसरला त्या ब्रायन वॉन्सिंक यांचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने त्यांच्या कामात गैरप्रकार झाल्याचं जाहीर केलं, हे मात्र छापलेलं आठवत नाही. लहान ताट वापरू नका असं माझं म्हणणं नाही, वापरा खुशाल, पण ताट लहान असून डोळे स्क्रीनवर असतील तर काय उपयोग.

आणि लक्ष देऊन जेवलं की वजन भराभर उतरतं असंही मी म्हणत नाहीये, तसं म्हटलं तर माझ्यात आणि तुमच्या चार्टात फरक काय राहिला? लठ्ठपणा असलेल्या १९४ जणांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात आहार-व्यायामाच्या कार्यक्रमाला लक्षपूर्वक खाण्याची जोड दिलेल्या गटाचं वजन दीड वर्षाने थोडं जास्त उतरलेलं दिसलं, पण फरक इतका कमी की तो ठामपणे सांगता येत नाही. भसाभस खाणं आणि ताण आला की खाणं, हे मात्र या सवयीने कमी होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. दुसरीकडे स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांना वर्षभर कमी चरबी किंवा कमी कर्बोदकं अशा दोन गटांत ठेवलं होतं, २०१८ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलो उतरलं, फरक जवळजवळ नाहीच. आणि यात कुणालाही कॅलरीचं टार्गेट दिलेलं नव्हतं! भाज्या जास्त, साखर आणि मैदा कमी, शक्यतो घरी शिजवलेलं, एवढंच सांगितलेलं. डाएट कुठलं यावर आपण तावातावाने भांडतो आणि ते माणसाला वर्षभर निभावता येतं का हे कुणी विचारत नाही.

ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत त्यांनी भुकेच्या भरवशावर जेवणाच्या वेळा बदलू नयेत, आधी डॉक्टरांशी बोलावं. काहीही न बदलता वजन वाढत किंवा घटत असेल तर थायरॉइड वगैरे तपासून घ्यावं, आणि ज्यांचं खाण्याशी नातंच बिघडलेलं आहे, म्हणजे उपाशी राहणं, मग लपून खाणं, मग उलट्या काढणं, त्यांना पेपरातल्या पत्राची नाही तर तज्ज्ञाची गरज आहे.

माझी तुमच्याकडे मागणी फार मोठी नाही. पुढच्या वेळी डाएट चार्ट छापाल तेव्हा तो देणाऱ्या तज्ज्ञांना एक प्रश्न विचारा, हा चार्ट ज्यांना दिला त्यातले किती जण एक वर्षाने तो पाळतायत आणि त्यांचं वजन आज किती आहे, आणि जे उत्तर मिळेल ते चार्टच्या खालीच छापा, किलोंचा आकडा जेवढ्या मोठ्या अक्षरात असतो तेवढ्याच मोठ्या अक्षरात. उत्तर मिळालं नाही तर तसंही छापा. आणि महिन्यातून एकदा तरी त्या जागी चार्ट न देता, लोक जेवतात कसे, घाईत, उभ्याने, स्क्रीनसमोर, यावर काहीतरी येऊ द्या.

आपली,
एक नियमित वाचक