'धर्मा'च्या कपाटातली कादंबरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीतून निवृत्त झाले तेव्हापासून वाचनालयात रोज जाणं होतं. या पावसाळ्यात तीन पुस्तकं पाठोपाठ वाचली, त्याबद्दल लिहिते आहे.

पहिली टॉलस्टॉयची १८९९ सालची 'रिसरेक्शन', इंग्रजी अनुवादातून. ज्या मुलीला आपण तरुणपणी फसवलं, हातात शंभर रूबल कोंबून सोडून गेलो, तीच काही वर्षांनी खुनाच्या खटल्यात आरोपी म्हणून समोर उभी आणि आपण ज्यूरीत बसलेले, अशी ती कथा. पण मला धरून ठेवलं ते ईस्टरच्या रात्रीच्या प्रसंगाने. चर्चबाहेर एक भिकारी येतो. त्याच्या नाकाच्या जागी नुसता लाल व्रण. कात्यूशा, म्हणजे तीच मुलगी, त्याला काहीतरी देते आणि जराही किळस न करता, त्या सणाच्या रिवाजाप्रमाणे, तीनदा त्याचं चुंबन घेते. मी पस्तीस वर्षं परिचारिका होते. जखम बांधताना तोंड न फिरवणं किती अवघड असतं आणि आपण तोंड फिरवलं की रोग्याला ते कसं लगेच कळतं, हे मी जाणते. कादंबरीच्या शेवटी नायक मत्तयचं शुभवर्तमान उघडून बसतो. ती पानं मी आदराने वाचली, पण येशूची शिकवण मला समजली ती त्या चर्चबाहेरच्या प्रसंगात.

मग लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा हातात घेतली. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर एकत्र आल्या तरी सोवळंओवळं सुटेना. एकाच घरात नवऱ्याचं वेगळं आणि आपलं वेगळं! पुढे जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, असं मनाने घेतलं आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. हे कुणा पाद्र्याच्या प्रवचनातून आलं नाही, त्यांचं त्यांना उमगलं. शाळेत आम्हाला यातले विनोदी उतारे तेवढे शिकवले होते.

तिसरं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७ सालचं. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेक जण हिचं नाव घेतात, पण वाचलेली माणसं मला तरी भेटली नाहीत. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे तिच्यावरच वैधव्य येतं. उपदेश फार आहे, जागोजागी कथा थांबते, हे मान्य. तरी मला ती एका बैठकीत संपवावी लागली. माझ्या वडिलांची आत्या लहानपणीच विधवा झालेली. लाल आलवण, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. घरातलं कुणी कामाला बाहेर पडताना ती आपणहून माजघराच्या दाराआड सरकायची. कुणी सांगावं लागत नसे. तिचा हात माझ्या पाठीवरून फिरायचा तो काळोख पडल्यावर. पदमनजींच्या पानापानावर मला ती दिसत राहिली.

आता तक्रार. 'यमुनापर्यटन' मला कादंबऱ्यांत सापडलं नाही. ग्रंथपालांनी ते 'धर्म' लिहिलेल्या कपाटातून काढून दिलं. 'स्मृतिचित्रे' चरित्रांत आहे हे ठीक, पण फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण'ही त्याच 'धर्मा'च्या बंद कपाटात. मराठीला फुलांतली मोगरी म्हणणारा तो जेसुइट पंथाचा इंग्रज धर्मगुरू, १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापलेल्या ओव्या, आणि त्या ज्ञानेश्वरी-एकनाथांशेजारी ठेवाव्यात असं कुणाला वाटू नये? लेखक ख्रिस्ती म्हणून पुस्तक धर्माचं, असा हिशेब टॉलस्टॉयला कुणी लावत नाही. तो कादंबऱ्यांच्या फळीवर सुखाने बसला आहे.

ग्रंथपालांना मी विनंती केली आहे, त्यांनी कार्यकारिणीपुढे विषय ठेवतो म्हटलं. आपल्या रविवारच्या पुरवणीत या पुस्तकांवर कुणा जाणकाराकडून सविस्तर लिहवून घ्यावं, ही आपल्यालाही विनंती. 'यमुनापर्यटन' मी परत केलं आहे, पुढच्या वाचकासाठी ते आता उपलब्ध आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सांगली