चिखलात नाही, बोगद्याच्या चढाला गाडी तापते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीत फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) गाडी कशी चालवावी, यावर लेख आला होता. ओढा कसा ओलांडावा, चाकातली हवा किती कमी करावी, रुतलेली गाडी पट्ट्याने कशी ओढावी, सगळं होतं. लिहिणारा जाणकार दिसतो. पण लेख डोंगरातच संपला. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचं दुखणं डोंगर उतरल्यावर सुरू होतं, म्हणून हे पत्र.

माझं सुरूरला महामार्गाच्या कडेला रेडिएटर (इंजिनातून फिरणारं पाणी-कूलंट गार करणारी जाळी) दुरुस्तीचं दुकान आहे. वडील पितळी रेडिएटरला झाळ लावायचे, मी ॲल्युमिनियमचे कोर, म्हणजे नळ्या-पाकळ्यांचा गाभा, बदलतो. पावसाळ्यात रविवारची संध्याकाळ आम्हाला पाठ झाली आहे. ठोसेघर, बामणोली, तापोळा असं कुठंतरी फिरून पुण्याला निघालेली गाडी वेळे ओलांडते, खंबाटकीच्या बोगद्याअलीकडचा चढ लागतो. एसी चालू, गाडी माणसांनी भरलेली, आणि तापमानाचा काटा वर चढतो. मग टोचन करून माघारी आमच्याकडे. मालकाचं वाक्य ठरलेलं : "चिखलात दिवसभर चालवली हो, तेव्हा काटा जागचा हलला नाही. कूलंट कमी झालं असेल, भरून द्या."

चिखलात काटा हलला नाही, हे खरंच असतं. तिथे गाडी थांबत-थबकत चालते, जोर लावला तरी क्षणभर, आणि रेडिएटरच्या जाळीवरची माती ओली असते. महामार्गावर वारा लागला की ती माती सुकते. आमच्या भागातली तांबडी माती जरा तरी सुटते, पण माण-खटावच्या काळ्या रानातून आलेली गाडी असेल तर ती माती वाळताना आवळते आणि जाळीच्या पाकळ्यांत सिमेंट ओतल्यागत बसते. त्यात चढ आला की इंजिन सलग जोर लावतं. तेवढी उष्णता बाहेर टाकायला वारा जाळीतून आरपार जायला हवा, आणि त्याची वाटच बंद झालेली असते.

मालक म्हणतात, गाडी तर धुतली होती. धुतलेली असते, पण पुढून. पुढची जाळी काढली की आधी एसीचा कंडेन्सर दिसतो. त्याच्यामागे बोटभर फट, मग रेडिएटर. पुढून पाणी मारलं की कंडेन्सर लख्ख होतो आणि त्यातली माती त्या फटीत जाऊन बसते. मध्यंतरी एक गाडी आली होती. पुण्यातल्या एका वर्कशॉपने थर्मोस्टॅट (इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) बदलला होता, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बदलली होती आणि आता हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडावं लागेल असं सांगितलं होतं. मी बोल्ट काढून कंडेन्सर पुढे कलता केला, तर फटीतून मातीचा अख्खा तुकडाच हातात आला. एका अंगाला कंडेन्सरच्या पाकळ्यांचे ठसे, दुसऱ्या अंगाला रेडिएटरच्या. मध्ये कारवीचं पान, गवताच्या काड्या आणि वाळून कडक झालेलं बेडकाचं पिल्लू. मालकीणबाईंनी त्याचा फोटो काढून त्या वर्कशॉपला पाठवला. उत्तर काय आलं ते मला कळलं नाही.

धुवायची रीत साधी आहे. इंजिन गार होऊ द्यायचं. बॉनेट उघडून आधी जाळी भिजवायची आणि माती मऊ होईपर्यंत थांबायचं. मग पंख्याच्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून पुढे, साध्या पाइपने पाणी सोडायचं. माती जिकडून शिरली तिकडूनच बाहेर जाते. पुढून गाळ येतो, मग गढूळ पाणी येतं. नितळ पाणी येईतो थांबायचं नाही. वॉशिंग सेंटरवाल्याने जेट जवळून मारला तर पाकळ्या आडव्या पडतात आणि आडवी पाकळी मातीइतकाच वारा अडवते, तेव्हा त्याला हात धरून थांबवा. अल्टरनेटरवर तेवढं प्लास्टिक घाला. तापोळ्याकडचे जुने जीपवाले हे ओढ्याच्या काठी बादली आणि तांब्याने करतात. त्यांच्या जीपा बघायला काहीच नसतात, पण तापून माझ्या दारात येत नाहीत.

दिवाळीनंतर मातीची जागा कुसळं घेतात. ती जाळीत तर अडकतातच, पण गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरभोवतीही साठतात. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराचा फिल्टर स्वतःतली काजळी जाळतो तेव्हा तिथलं तापमान ५००-६०० अंशांवर जातं. अशी गाडी वाळल्या गवतात उभी करून जेवायला बसू नये. आणि मुळात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चाकं नेऊच नयेत. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथल्या कातळावर मातीचा थर जेमतेम आहे. एकदा चाक फिरलं की तो भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. शेतरस्ते आणि ओढे काय कमी आहेत?

आता गाडी तापलीच तर. माझा पहिला प्रश्न "केव्हा तापते?" हा असतो. उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळवली की गार होते, तर संशय पंख्यावर. उभी असताना ठीक आणि वेगात, चढाला तापते, तर जाळी बुजलेली आहे नाहीतर रेडिएटरच्या आतल्या नळ्या. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, तर मात्र हेडखालचं गास्केट गेलेलं. तिथे पाणी मारून उपयोग नाही. वरचा पाइप चटका देतो आणि खालचा गार लागतो, तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा आतून कोर चोंदलाय. एवढ्याने निम्मं निदान होतं, आणि त्याला कुठलं मशीन लागत नाही.

पंख्याचं ओढ्याशी जुनं वैर आहे. बेल्टवर फिरणारा पंखा पाण्यात बुडाला की त्याची पाती पुढे वाकतात आणि थेट रेडिएटरला भोक पाडतात. विजेवरचा पंखा असेल तर हुशार मंडळी ओढ्याआधी त्याचा फ्यूज काढून ठेवतात आणि पलीकडे गेल्यावर आनंदाच्या भरात परत घालायचं विसरतात. तो फ्यूज मला कप होल्डरमध्ये सापडतो. एक मजेशीर प्रकारही बघायला मिळतो : ओढ्यात वायर तुटली, कुणीतरी जोडून दिली, पण उलटी जोडली. पंखा फिरतो, आवाज येतो, सगळे समाधानी. तो वारा पुढे फेकत असतो आणि वेगात समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत असतो. तपासायला गाडी उभी करून एसी लावा आणि आपल्याच वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीला टेकवा. पान चिकटलं तर पंखा बरोबर, उडालं तर वायरी उलट्या.

काट्यावर फार विसंबू नये. आजकाल बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. आत पाच-दहा अंश वाढले तरी तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याहून वाईट म्हणजे कूलंट पूर्ण वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. "काटा खाली आला म्हणून पुढे चालवली" हे ऐकलं की मी आधी खुर्ची देतो, मग चहा सांगतो, मग हेडचा खर्च सांगतो. म्हणून काटा वर गेला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू (पावसात खिडक्या उघडून भिजा थोडं), गाडी कडेला. कूलंट गळत नसेल तर इंजिन लगेच बंद न करता जागेवर चालू ठेवा, पाणी फिरत राहू द्या. खाली धार लागली असेल किंवा वाफ उसळत असेल तर त्याच क्षणी बंद करा. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

झाकणाबद्दल वेगळं लिहितो, कारण त्याने माणसं भाजतात. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली पाणी १००ला उकळत नाही, १२०च्या आसपास उकळतं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असेल तर आणखी वर. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब जातो आणि आतलं पाणी एका झटक्यात वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं गुंडाळून उघडतो म्हणणाऱ्यांचे हात मी पाहिले आहेत. वरचा पाइप हाताने दाबता येईपर्यंत थांबा. हीच गोष्ट उलटीही आहे : झाकणाचं रबर चिरलं की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे खाली वाईत चालून जाणारं सैल झाकण पसरणीचा घाट चढल्यावर उघडं पडतं. मी नव्या गिऱ्हाइकाचं झाकण आधी बघतो.

रेडिएटर नीट असूनही गाडी तापते, तेव्हा चालवणाऱ्याकडे बघावं लागतं. चिखलातल्या खड्या चढाला फोर हायमध्ये (चारही चाकं, पण नेहमीचा गिअर) अर्धा क्लच धरून रेटत राहिलं की इंजिन घुसमटतं आणि क्लच जळतो. फोर लो (चारही चाकं, जास्त ताकदीचा सावकाश गिअर) त्यासाठीच दिलेला आहे : इंजिन मोकळं फिरतं, त्याबरोबर वॉटर बॉडीही जोरात फिरते. डांबरी लागली की मात्र टू व्हीलवर यायचं. ज्या गाड्यांत मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) नसतं, त्यांची पुढची-मागची चाकं वळणावर वेगळं अंतर कापतात आणि एकमेकांना ओढत राहतात. तो ताण गिअर-शाफ्टवर येतो आणि इंजिनालाही जास्त जोर लावावा लागतो. चिखलासाठी १८ पीएसआयवर आणलेली चाकातली हवा परत भरली का, तेही बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याच्या ब्रेकमध्ये माती असू शकते.

ओढा ओलांडून आल्यावर चाकांच्या आसावरच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ निघालं तर घाबरू नका. तापलेलं हाउसिंग एकदम गार झालं की आत ओढ बसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) पाणी शिरतं. ऑइल बदललं की झालं. इंजिन ऑइल दुधाळ निघालं तर मात्र गाडी चालू न करता टोचन करून आणा. या दोन्हींची गल्लत करून लोकांच्या गळ्यात हेडचं काम घातलेलं मी पाहिलं आहे.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंविषयी. गाडी तापते म्हटलं की आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकायचा रिवाज आहे. "आपल्या गरम हवेत लागत नाही" असं गिऱ्हाइकाला सांगतात. जुन्या जीपला ते खपलं. आजच्या इंजिनाला ८०-९० अंशांची ऊब लागते. त्याशिवाय कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जास्त डिझेल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, काजळी वाढते, आणि जाळीत माती असेल तर गाडी चढाला तापायची ती तापतेच. तसंच विहिरीचं, बोअरचं पाणी. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला थर बसतो, तो ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांत बसणार नाही का? पितळी रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता यायचं, प्लास्टिक टाकीच्या नव्या रेडिएटरला ती सोय नाही. कोर फेकावा लागतो. अडचणीत पाणी घाला, जरूर घाला, पण घरी पोचल्यावर ते काढून बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर) आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. नुसतं कूलंट भरणंही चूक, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

पत्र लांबलं आहे, कापलंत तरी हरकत नाही. झाकणाचा परिच्छेद तेवढा ठेवावा. आणि ज्यांच्या गाडीचा थर्मोस्टॅट कुणी काढून ठेवला असेल त्यांनी तो थंडी पडायच्या आत बसवून घ्यावा, नग महाग नसतो. झाकणाचं रबरही त्याच वेळी बघून घ्या.

कळावे,
एक रेडिएटर कारागीर, सुरूर (ता. वाई, जि. सातारा)