बाबा, पुट घेण्याआधी एवढं वाचा

शिकागो, रविवार

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बाजार एवढा चढलाय, शेअर विकून टाकू की पुट घेऊन ठेवू?" फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत आणि हा विषय घाईघाईत उरकण्यासारखाही नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. कागद-पेन घेऊन बसा आणि मधली गणितं स्वतः करून बघा. इथे माझं रोजचं काम हेच आहे, दुसऱ्यांच्या पैशाची जोखीम मोजायची. मग घरच्या पैशाचं तर मी काळजीने सांगणारच.

पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, ठरलेल्या मुदतीचा. त्यासाठी प्रीमियम भरायचा. भाव पडला तर हक्क कामाला येतो, नाही पडला तर प्रीमियम गेला. पीकविम्यासारखंच आहे: पाऊस चांगला झाला तर हप्ता परत मागत नाही आपण. निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक; त्याच्या पुटात प्रत्यक्ष काही विकायचं नसतं, फरकाचे पैसे खात्यात येतात.

आता गणित. समजा निफ्टी 25,000 वर आहे आणि लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायचा किमान गठ्ठा, 75 चा. (लॉटचा आकडा एनएसई अधूनमधून बदलते, त्या दिवशीचा बघून घ्या.) म्हणजे एका लॉटमागे 18,75,000 रुपयांचं होल्डिंग झाकलं जातं. 24,000 चा तीन महिन्यांचा पुट 300 रुपयांना मिळाला असं धरू. 300 गुणिले 75, म्हणजे 22,500 रुपये घेताना रोख भरायचे. निफ्टी 21,000 वर आला तर तेवढ्या होल्डिंगमध्ये 3,00,000 चं नुकसान. पुटाचे येतात 2,25,000. प्रीमियम धरून तुमचा खरा तोटा 97,500. निफ्टी 18,000 झाला तरी तोटा 97,500 च, त्याहून वाढत नाही. उलट 27,000 झाला तर दीड लाखाच्या फायद्यातून 22,500 वजा. पुट घेणाऱ्याचं यापेक्षा जास्त काही जात नाही, हे खरं आहे, आणि म्हणूनच तो आकर्षक वाटतो.

पण हे दर तीन महिन्यांनी करायचं म्हटलं तर वर्षाला 90,000 होतात, होल्डिंगच्या जवळजवळ पाच टक्के. तुमचा सगळा डिव्हिडंड त्यात जाईल आणि वर खिशातून भरावे लागतील. पंचवीस वर्षं धीराने जमवलेले शेअर असे हप्त्या-हप्त्याने झिजवायचे का? त्यात निफ्टीचा पुट निफ्टीलाच ओळखतो. तुमच्याकडे दोन बँका, ती साखर कंपनी आणि औषधांची छोटी कंपनी आहे. निफ्टी जागेवर राहिला आणि साखर तीस टक्के पडली, तर पुटाचा एक रुपयाही मिळणार नाही. त्या-त्या शेअरचा पुट घ्यावा, तर आपल्याकडे साधारण दोनशे कंपन्यांवरच ऑप्शन (पुटासारखे हक्क) आहेत आणि त्यांचे लॉट मोठे. शिवाय ऑक्टोबर 2019 पासून शेअरच्या ऑप्शनला डिलिव्हरी सक्तीची आहे. पुट फायद्यात असताना एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत ठेवला तर तेवढे शेअर खरोखर द्यावे लागतात. इथे अमेरिकेत एक कॉन्ट्रॅक्ट शंभर शेअरचं असतं, म्हणून लहान गुंतवणूकदारालाही ते मापात बसतं. आपल्याकडे होल्डिंगपेक्षा लॉट मोठा घेतला की तो बचाव राहत नाही, सट्टा होतो.

मग पुट कुणाला लागतो? ज्याला विकता येत नाही, त्याला. याचं फार चांगलं उदाहरण इथलं आहे. 1999 मध्ये याहूने ब्रॉडकास्ट डॉट कॉम ही कंपनी 5.7 अब्ज डॉलरला घेतली, पण पैसे रोख नाही दिले, याहूचे शेअर दिले. मालकांपैकी मार्क क्युबन यांची सगळी कमाई अशी एकाच कंपनीत अडकली. त्यांनी 85 डॉलरचा पुट घेतला आणि त्याचा खर्च निघावा म्हणून 205 चा कॉल, म्हणजे त्या भावाला शेअर विकत घेण्याचा हक्क, दुसऱ्याला विकला. याला कॉलर म्हणतात. 85 च्या खाली काळजी नाही, 205 च्या वरचा फायदा दुसऱ्याचा. याहू आधी 205 च्याही वर गेला. त्या वेळी लोकांना वाटलं असेल की यांनी केवढं सोडलं. पण 2001 मध्ये तोच शेअर वीस डॉलरच्या खाली होता. मला यात आवडतं ते हे की वरचं किती सोडायचं हे त्या माणसाने आधीच, शांत डोक्याने ठरवलं होतं. आणि कॉल विकला तोही हातातल्या शेअरवर, उघड्यावर नाही.

तुम्ही स्टॉपलॉसचंही विचारलंत, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की शेअर आपोआप विकायची ऑर्डर. स्टॉपलॉस फुकट आहे, पण भावाची हमी देत नाही. 23 मार्च 2020 आठवा: सकाळीच दहा टक्क्यांचं सर्किट लागून बाजार पाऊण तास बंद, आणि दिवसअखेर निफ्टी तेरा टक्के खाली. अशा दिवशी स्टॉपलॉस लागतो, पण मिळेल त्या भावाला. पुटाचा भाव मात्र करारातच लिहिलेला असतो, हा त्याचा मोठा गुण.

आणि घाबरल्यावर पुट घ्यायला गेलं तर प्रीमियमही घाबरलेलाच असतो. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, 4 जून 2024 ला, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. त्या दुपारी ज्यांनी महागात पुट घेतले त्यांचं काय झालं असेल बघा, कारण 7 जूनला निफ्टी पडण्याआधीच्या पातळीवर परत आला होता. पुट घ्यायचाच तर बाजार निवांत असताना.

आता तुमच्याबद्दल. होल्डिंग 25 लाखांचं. दादाच्या वरच्या मजल्यासाठी मार्चमध्ये 6 लाख लागणार, हे नक्की. बाकीचे 19 लाख निदान दहा वर्षं तरी लागणार नाहीत, घर पेन्शनवर चालतं. माझं स्पष्ट मत सांगते: ते 6 लाख आत्ताच विकून मोकळे करा आणि एफडीत टाका. ज्या पैशाची तारीख ठरली आहे तो बाजारात ठेवून वर त्याचा हप्ता भरायचा, याला काही अर्थ नाही. उरलेल्या 19 लाखांना पुट नको. तरी रात्री झोप लागत नसेल, तर वरच्या गणितातला एक लॉट, तीन महिन्यांसाठी, एकदाच. तो घेताना लिमिट ऑर्डरच (जास्तीत जास्त भाव आपण ठरवलेली) टाका, दूरच्या महिन्यांत घेण्या-देण्याच्या भावात बरंच अंतर असतं.

विकल्यावर टॅक्स जातो म्हणून तुम्ही अडखळताय, ते कळतं. पण आकडा तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. 6 लाखांत 4 लाख नफा धरला, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, उरलेल्या 2,75,000 वर साडेबारा टक्के, म्हणजे 34,375, वर थोडा सेस. तेच निम्मे शेअर आईच्या डिमॅटमधून विकले, तिचे स्वतःचे जे आहेत त्यातले, तर दोघांना सूट मिळून टॅक्स 18,750 वर येतो. शिवाय 2018 च्या आधी घेतलेल्या शेअरना 31 जानेवारी 2018 चा भाव खरेदीभाव म्हणून धरता येतो. तुमचे बहुतेक जुनेच आहेत. सीएंना हे आवर्जून विचारा. आणि हेही विचारा की एक पुट घेतला तरी एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार) म्हणजे धंद्याचं उत्पन्न, मग रिटर्नचा फॉर्म बदलतो, नेहमीचा आयटीआर-2 चालत नाही. एका पुटासाठी ही कटकट हवी का, तेही बघा.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगते. बँकेतले तुमचे जे मित्र "दर आठवड्याला ऑप्शन विका, घरखर्च निघतो" म्हणतात, त्यांचं ऐकू नका. विकणाऱ्याला प्रीमियम मिळतो, पण तोटा कुठे थांबेल याला काही माप नसतं. ते तुम्हाला विमा घ्यायला सांगत नाहीत, विमा कंपनी व्हायला सांगतात, तेही पेन्शनवर. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले आहेत: तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या शंभरातल्या 93 व्यक्तींना तोटा झाला, सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींहून जास्त. त्यात तुमच्यासारखे किती निवृत्त लोक असतील, या विचारानेच मला धसका बसतो. ब्रोकरकडे तुमचा एफ अँड ओ सेगमेंट चालू असेल तर पुट घ्यायचं ठरेपर्यंत बंदच ठेवा.

दोघांच्याही होल्डिंगचं स्टेटमेंट दादाकडून मला पाठवा, खरेदीच्या तारखांसकट. कुठले शेअर आधी काढायचे ते आपण शनिवारी व्हिडिओ कॉलवर मिळून ठरवू. तुमच्या सकाळी नऊला फोन करते. आईला म्हणावं, तिचे शेअर विकायचे की नाही हे तिला विचारूनच करणार आहोत, तिनेही कॉलवर बसावं. तिला माझा नमस्कार, दादाच्या लेकीला गोड पापा.

तुमची,
धाकटी